टाकीमागची गयामाय

गयामाय माणसांशी सरळ बोलत नसे. जे सांगायचं ते ती शेळीला सांगायची, आणि ज्यानं ऐकायचं तो जवळपासच उभा असायचा.

मी शाळेवर बदली होऊन या गावी आले आणि कॉलनीत घर घेतलं, तेव्हाची गोष्ट. आमच्या शेजारी दत्तराव राहायचे. कृषी खात्यातून निवृत्त झालेले, शर्टाची गळ्याची गुंडीसुद्धा लावणारे गृहस्थ. एका सकाळी त्यांनी भाजीची देठं प्लास्टिकच्या पन्नीत बांधून कॉलनीच्या भिंतीपलीकडे टाकली. पलीकडून लगेच खणखणीत आवाज आला, "थांब सरपंचीण, तोंड नको लावू. साहेबानं पन्नीसगट ताट वाढलंय. पोट फुगलं तं त्याहीच्याच दारात नेऊन बांधीन तुला."

दत्तरावांनी भिंतीवरून डोकावून पाहिलं. एक उंच, काटक म्हातारी शेळीच्या तोंडातून पन्नी ओढून काढत होती. तिनं वर बघितलंसुद्धा नाही. दत्तराव कानकोंडे होऊन घरात गेले. पुन्हा त्यांनी भिंतीपलीकडे काही टाकलं नाही, पण ती बाई त्यांच्या मनातून उतरली ती उतरलीच.

भिंतीपलीकडे गावाचं जुनं फिल्टर होतं. धरणाचं पाणी नव्या योजनेनं येऊ लागण्याआधी सगळं गाव इथलं पाणी प्यायचं. मोठमोठे हौद, पंपाची खोली, गंजलेल्या जिन्याची उंच टाकी, सगळं आता बंद पडलेलं. हौदांत बाभळी माजल्या होत्या. पंपाच्या खोलीत पत्ते चालायचे आणि बाटल्या फुटायच्या. या जागेच्या मागं, नदीच्या उलट अंगाला, धनगरांची आणि इतर कष्टकऱ्यांची वस्ती होती. तिला सगळे टाकीमागची वस्ती म्हणत. गयामायचं घर तिथंच. माहेर पुसेगावकडचं. नवरा गेल्यावर तिनं मेंढरं मोडली आणि शेळ्या ठेवल्या. लेक आणि सून मजुरीला जायचे. शेळ्या मात्र तिच्या एकटीच्या. त्यांच्या कारभारात ती कुणाला बोट घालू देत नसे.

शेळ्यांची नावं ती हुद्द्यांवरून ठेवायची. एक तलाठीण होती, एक सरपंचीण. दाढीवाल्या बोकडाला ती कलेक्टर म्हणायची. मी आल्यावर वर्षभरानं जन्मलेल्या एका पाठीचं, म्हणजे मादी पिल्लाचं, नाव मास्तरीण ठेवलं गेलं. मी कारण विचारलं, तर ती त्या पाठीलाच म्हणाली, "सांग बाईला. दिवसभर बेंबें करून राहिलीस म्हून ठेवलं." मी हसले. ती हसली नाही. तिचा चेहरा असा होता की थट्टा कुठं संपते आणि राग कुठं सुरू होतो ते कळायचं नाही.

तिचा आणखी एक शब्द होता, "बराबर हाये." कुणी काहीही सांगितलं तरी ती आधी "बराबर हाये" म्हणायची आणि मग स्वतःच्या मनातलं करायची. वस्तीतल्या बायका म्हणत, गयामाय भांडायला लागली तर घाबरू नका, "बराबर हाये" म्हणाली तर घाबरा.

पुढे दत्तरावांना छातीचा त्रास झाला. नांदेडच्या डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. पण चालणार कुठं? गल्ल्या अरुंद, आणि मोठ्या रस्त्यावर ट्रक, टँकर आणि उसाच्या ट्रॉल्या. दोन-तीनदा ते गटारात पडता पडता वाचले. तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं, की फिल्टरची जागा पडूनच आहे, तिथं बाग का होऊ नये? मग त्यांनी माणसं जमवली, अर्ज केले, खेटे घातले, दोन वर्षं मागं लागले. कॉलनीची समिती झाली. एक तरी बाई हवी म्हणून मला घेतलं. आणि बाग खरोखरच मंजूर झाली. हौदात उतरत्या पायऱ्या करून फुलझाडं, भोवती चालायचा रस्ता, टाकीखाली मुलांचे झोपाळे, आणि सगळ्याला चहूबाजूंनी जाळीचं कुंपण.

मोजमापाला इंजिनिअर साहेब आले, त्या सकाळी गयामाय नेहमीसारखी शेळ्या घेऊन नदीकडे निघाली होती. तिची वाट फिल्टरच्या मधून जायची. तिचीच नाही, सगळ्या वस्तीची. बायका बाजाराला, लेकरं शाळेला, सगळे त्याच वाटेनं. हौदांच्या कडेकडेनं पावलांनी घासून पांढरी पडलेली ती वाट होती. साहेबांच्या हातातला फिता नेमका तिच्यावर आडवा पडला होता. गयामाय थांबली.

"तलाठीणबाई," ती शेळीला म्हणाली, "इचार साहेबाला. बाग झाल्यावर आपुन कुठून जायचं?"

साहेबांना तिची पद्धत माहीत नव्हती. ते इकडंतिकडं बघू लागले. मी म्हटलं, "त्या तुम्हालाच विचारताहेत."

"इथून रस्ता नाही," साहेब म्हणाले. "नकाशात कुठंच रस्ता नाही. तुमचा रस्ता पलीकडून, हायवेनं."

"आन् बाग कुणासाठी?"

"सगळ्यांसाठी. पण सकाळी आणि संध्याकाळी. जनावरं आणायची नाहीत."

गयामायनं फित्याकडे पाहिलं, मग साहेबांच्या बुटाकडे. "बराबर हाये," ती म्हणाली आणि फिता काठीनं उचलून त्याखालून एकेक शेळी पुढं काढली.

पावसाळ्यानंतर कुंपण झालं. वाट बंद झाली. वस्तीतून दोनदा माणसं नगरपालिकेत जाऊन आली. त्यांना सांगितलं गेलं की काम मंजूर नकाशाप्रमाणे झालंय. समितीच्या बैठकीत मी विषय काढला. दत्तराव म्हणाले, "बाई, एकदा वाट ठेवली की शेळ्या येणार, शेळ्या आल्या की एक रोप टिकणार नाही. दोन वर्षं मी याच्यासाठी झिजलोय." ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी स्वतःच्या हातांनी करंजाची आणि कडुलिंबाची रोपं लावली होती आणि दुपारी घरून बादल्या नेऊन ती जगवत होते.

कुंपण झालं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून गयामाय हायवेनं जाऊ लागली.

ती कडेनं गेली असती तर काही झालं नसतं. ती मधून गेली. शाळा भरायच्या आणि कचेऱ्या उघडायच्या वेळेला. पुढं कलेक्टर, मागं सगळा कळप, आणि शेवटी काठी आडवी खांद्यावर टाकून ती. घाई नाही, गडबड नाही. तिच्यामागं रिक्षा, मोटरसायकली, बस, उसाच्या ट्रॉल्या अशी रांग पार पुलापर्यंत जायची. हॉर्न वाजायचे. ती वळून बघायची नाही. कुणी ओरडलंच तर एखाद्या शेळीला सांगायची, "चाल वं सरपंचीण, सरकारी रस्ता हाये. साहेबानंच दाखवलाय."

दोन-तीन दिवस लोक हसले. मग चिडले. चौथ्या दिवशी मी स्कूटीवर शाळेत निघाले होते, तेव्हा त्याच रांगेत अडकले. माझ्यापुढं, रांगेच्या तोंडाशीच, बाहेरच्या राज्यातला एक मोठा ट्रक होता. त्याचा ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडत होता, "ए अम्मा, हटा ना बकरी! मरना है क्या?" हॉर्ननं शेळ्या बिचकल्या. कळप फुटला, काही इकडं, काही तिकडं. एक पिल्लू बावरून ट्रकच्या पुढच्या चाकापाशी गेलं आणि तिथून खाली शिरलं.

आणि गयामाय त्याच्यामागं ट्रकखाली शिरली.

ड्रायव्हरला ते दिसलं नाही. त्याला दिसलं ते एवढंच, की समोरचा रस्ता मोकळा झालाय. मला चाकांच्या मधून तिचं लुगडं दिसत होतं, आणि तिचा गोंदलेला हात, पुढं ताणलेला. ट्रकचं इंजिन गुरगुरलं. मी स्कूटी तशीच टाकली आणि धावले. दोन्ही हातांनी केबिनचा दरवाजा बडवत मी ओरडत होते, काय ओरडत होते ते मला आठवत नाही. ट्रक हातभर पुढं सरकला आणि थांबला. ड्रायव्हरनं माझ्याकडं पाहिलं, मी खाली बोट दाखवलं. तो उडी मारून खाली आला आणि रस्त्यावरच बसला.

गयामाय दुसऱ्या बाजूनं बाहेर आली. पिल्लू काखेत. कोपर सोललेलं, डोक्यावरचा पदर ऑइलनं काळा झालेला. मी तिला धरायला गेले तर तिनं माझा हात बाजूला केला आणि पिल्लाला म्हणाली, "रडू नको. घराकडं जाऊ." पण घराकडं जायलाही तोच रस्ता होता. ती काही क्षण कुठं वळावं हे न कळल्यासारखी उभी राहिली. तिला तसं मी कधी बघितलं नव्हतं.

त्या दिवशी तक्रारींवर तक्रारी गेल्या. एक तक्रार समितीचीही होती, खाली दत्तरावांची सही. वाहतुकीला अडथळा, जीवितास धोका. दुसऱ्या सकाळी नगरपालिकेची माणसं आली आणि तिचा सगळा कळप रस्त्यावरून हाकत कोंडवाड्यात नेला.

आमच्या गावचा कोंडवाडा म्हणजे चार भिंती, एक लोखंडी दार आणि कोपऱ्यात पत्र्याचं छप्पर. शनिवार होता, शाळा सकाळची. सुटल्यावर मी तिकडंच गेले. गयामाय दाराच्या गजांना धरून उभी होती. आत तलाठीण आडवी पडली होती, मान ताणून ओरडत होती. दिवस भरले होते, आणि ती अडली होती.

"शिपाई कुठाय?" मी विचारलं.

"जेवाया गेलाय," वस्तीतली एक बाई म्हणाली. "दंड भरा मंग उघडतो म्हनला. आमी वर्गणी काढतो म्हनलो, तं गयामाय भरू देत न्हाई."

"दंड भरला म्हंजे चूक कबूल," गयामाय म्हणाली. हे ती कुणाला म्हणाली ते कळलं नाही. जवळ शेळी नव्हती.

आतून पुन्हा ओरडणं आलं, या खेपेला बारीक. गयामायनं भिंतीकडं पाहिलं. मागची बाजू थोडी ढासळलेली होती. तिनं काठी माझ्या हातात दिली, लुगडं खोचलं, आणि मी नको नको म्हणेपर्यंत भिंतीवर चढून पलीकडे उतरली. उतरली म्हणजे पडलीच. उठली आणि लंगडत तलाठीणीपाशी जाऊन बसली.

आम्ही गजांतून बघत राहिलो. ती शेळीच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती आणि हात आत घालून अंदाज घेत होती. तिच्या कपाळावरून घाम गोंदणावर उतरत होता. बऱ्याच वेळानं पहिलं पिल्लू आलं, मेलेलं. तिनं ते बाजूला ठेवून त्यावर पदराचा तुकडा फाडून टाकला. मग दुसरं आलं. तेही हलेना. तिनं त्याचे मागचे पाय धरून त्याला झुलवलं, नाकात फुंकलं, चोळलं. एकदा, दोनदा, पुन्हा. आणि ते शिंकलं. बाहेर उभ्या बायकांचा एकदम श्वास सुटला.

तेवढ्यात शिपाई आला. दार उघडून म्हणाला, "माय, तू आत कशी? निघ बाहेर."

"काहून?" गयामाय बसल्या जागेवरून म्हणाली. "बिनपरवानगीची घुसले ना? कोंड मला. मह्या नावाचाबी दंड लाव."

शिपाई हसला. मग त्याच्या लक्षात आलं की ती उठत नाही. त्यानं साहेबांना फोन केला. इंजिनिअर साहेब आले, एक हवालदार आला. बाईला ओढून काढायचं तर बाई पोलीस हवी, ती जिल्ह्याला बंदोबस्तावर. दंड कुणाकडून घ्यायचा, माणूस कोंडवाड्यात धरायची तरतूद कशात आहे, कुणालाच माहीत नव्हतं. वस्तीतल्या बायका वाढत गेल्या. कुणी पाला आणून गजांतून आत टाकला, कुणी पाण्याची कळशी. हवालदार साहेबांच्या कानात म्हणाला, "हे पेपरात आलं तर अवघड होईल." साहेब घड्याळ बघत राहिले. बायकांच्या मागं आता वस्तीतले पुरुषही उभे राहिले होते, हाताची घडी घालून. एक दगड कुठून तरी येऊन पत्र्यावर आदळला. हवालदारानं काठी सरळ धरली. आता काहीही होऊ शकतं असं वाटत होतं.

ऊन कलल्यावर दत्तराव आले. त्यांना पाहून गर्दी गुरगुरली, पण बाजूला झाली. ते दारापाशी गेले. गळ्याची गुंडी लावलेली, श्वास लागलेला.

"गयाबाई, बाहेर या."

गयामायनं मांडीवरच्या पिल्लाला सांगितलं, "ऐक. बाहेर या म्हून राहिले. बाहेर कुठं? टरकाखाली."

"तुमच्या जिवाची काळजी आहे म्हणूनच तक्रार केली. बागेत शेळ्या सोडता येत नाहीत. झाडं खातील."

"बराबर हाये."

मग गयामाय पिल्लू खाली ठेवून उठली. लंगडत दारापर्यंत आली. गजांना धरून तिनं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, आणि कुठल्याही शेळीला मध्ये न घेता विचारलं,

"दत्तराव, तुमी ही बाग कशापायी मागितली?"

"मला चालायला जागा नव्हती," दत्तराव म्हणाले. "डॉक्टरांनी चाला म्हणून सांगितलं. रस्त्यानं जायचं तर ट्रक अंगावर येतात. मला भीती वाटायची, एखाद्या दिवशी..."

ते मध्येच थांबले. दत्तरावांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, पुन्हा ठेवला. आसपास एवढी माणसं होती, पण पत्र्यावर चिमण्यांच्या नखांचा आवाज येत होता.

"उद्या सकाळी फिल्टरवर या," ते शेवटी म्हणाले.

"शेळ्यांसगट का बिगरशेळ्यांचं?"

"शेळ्या घेऊन."

दंडाचं कुणी नाव काढलं नाही. साहेबांनी शिपायाला नुसती मान हलवून खूण केली.

दुसऱ्या सकाळी कुंपणाशी समितीचे सगळे जण जमले होते, आणि सगळे रागावलेले होते. एक जण म्हणाला, लेंड्यांच्या बागेत फिरायला मी येणार नाही, आणि तो निघून गेला. पुन्हा कधी समितीत आला नाही. साहेब म्हणाले, "मंजूर कामाला हात लावता येत नाही. उद्या मलाच विचारतील."

"कुंपण मीच मागितलं होतं," दत्तराव म्हणाले. "आता या दोन खांबांमधली जाळी काढा, हेही मीच मागतोय. विचारलं तर माझं नाव सांगा."

मजूर साहेबांकडं बघत थांबले. जाळीपलीकडं गयामाय कळप घेऊन उभी होती. तिच्यामागं रविवारची मोकळी लेकरं, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका. दूर हायवेवरून टँकर गेले, त्यांचा आवाज येत होता. साहेबांनी मोटरसायकलची किल्ली खिशातून काढली.

"मी आज इकडं आलोच नव्हतो," ते म्हणाले आणि गेले.

मजुरांनी पकडी काढल्या. जाळी सुटली. गयामाय पहिली आली. आणि आल्या आल्या सरपंचीण शेळीनं दत्तरावांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या करंजाच्या रोपाचा शेंडा खाल्ला. गयामायनं तिला अशी काठी हाणली की आम्हीच दचकलो. "नाक कापलंस!" ती ओरडली. ते रोप गेलंच. पण त्यानंतर कळपातल्या चोरट्या शेळ्यांना तिनं तोंडाला बांधायला जुन्या गोधडीच्या चिंध्यांची मुसकी शिवली. बागेच्या कडेनं जाताना ती बांधायची, नदीवर गेल्यावर सोडायची. वाटेवरच्या लेंड्या ती खराट्यानं झाडून न्यायची. पण कुणी आभार मानले तर त्याला तुटक उत्तर मिळायचं, तेही शेळीमार्फत.

बागेचं उद्घाटन झालं, तेव्हा तिला बोलावलं होतं. ती आली नाही. भाषणं चालू असताना कळप घेऊन कडेनं निघून गेली.

पुढच्या काही वर्षांत नदीकाठचं गवत गेलं. तिथं प्लॉट पडले, दगडाच्या खुणा लागल्या. चारायला जागा राहिली नाही. गयामायचा कळप कमी होत होत गेला. लेकाला कनेरगाव नाक्यावर ढाब्यात काम लागलं, तो बायकोला घेऊन तिकडं गेला. ही इथं एकटी दोन शेळ्यांवर राहिली. मग त्याही गेल्या आणि ती लेकाकडं राहायला गेली. दत्तराव दोन वर्षांपूर्वी वारले. झोपेतच गेले.

गयामायला मी शेवटची पाहिली ती गेल्या उन्हाळ्यात. प्रशिक्षण संपवून दुपारी बागेतून घरी येत होते. बाग रिकामी होती. हौदाच्या पायऱ्यांखालच्या हिरवळीवर, कडुलिंबाच्या सावलीत कुणीतरी झोपलं होतं. चपला उशाला, पाय लांब सोडलेले. जवळ गेले तर गयामाय. बहुतेक वस्तीत कुणाच्या तरी लग्नाला आली असावी, अंगावर नवं लुगडं होतं. तोंड थोडं उघडं होतं. इतक्या वर्षांत तिला झोपलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

बागेचा राखणदार नवा होता, वाशीमकडचा. तो शिट्टी तोंडाला लावून तिच्याकडं निघाला होता. मी त्याला अडवलं.

"बाई, इथं झोपायला मनाई हाये," तो म्हणाला. "बोर्ड लावलाय. आन् मला ह्या बाजूला पाणी सोडायचंय."

"दुसऱ्या बाजूनं सुरू करा ना."

"काहून? कोन हाय ती?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. शिट्टी खिशात टाकली आणि लांबचा पाइप ओढत झोपाळ्यांकडं गेला. तिकडं पाणी सुरू झालं, मातीचा वास आला. गयामायनं कूस बदलली, हात डोळ्यांवर घेतला आणि पुन्हा झोपली.